महासाथीने प्रौढांचे मानसिक आरोग्य नेमके किती बिघडवले? दोन निष्कर्षांचा मेळ लागत नाही

प्रश्न : शोधक

कोविड-१९च्या महासाथीचा प्रौढांच्या मानसिक आरोग्यावर झालेला परिणाम, या विषयावर मी आमच्या वाचनगटासाठी टिपण तयार करीत आहे आणि त्यात एका जागी अडकलो आहे. महासाथीच्या पहिल्या वर्षात नैराश्य आणि चिंताविकार यांचे प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२मध्ये जाहीर केले. त्यामागचा मुख्य अभ्यास ऑक्टोबर २०२१मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला होता. २०२० या एका वर्षात नैराश्याचे ५ कोटी ३२ लाख आणि चिंताविकाराचे ७ कोटी ६२ लाख जादा रुग्ण, असा त्यातील अंदाज आहे. याउलट मार्च २०२३मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या एकूण मानसिक आरोग्यात आणि चिंतेच्या लक्षणांत बदल दिसत नाही, नैराश्याची लक्षणे वाढली पण अगदी किंचित, असे त्याचे म्हणणे आहे.

दोन्ही नियतकालिके प्रतिष्ठित आहेत, दोन्हीकडचे संशोधक जबाबदार आहेत, आणि तरीही एक म्हणतो रुग्ण चतुर्थांशाने वाढले तर दुसरा म्हणतो फारसे काही घडले नाही. टिपणात यांपैकी कोणते विधान घ्यावे? की दोन्ही देऊन 'मतभेद आहेत' एवढेच लिहून मोकळे व्हावे? तसे करणे मला पळवाट वाटते. शिवाय हा परिणाम कधी सर्वाधिक होता आणि कोणाच्या बाबतीत तो टिकून राहिला, याविषयी जाणकारांनी लिहिल्यास मी आभारी राहीन.

उत्तर १ : आकडेमोड

शोधक, ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात खरी, परंतु ती एकाच गोष्टीबद्दल केलेली नाहीत. 'लॅन्सेट'मधील अभ्यास निदानाची रेषा ओलांडणाऱ्या माणसांचे प्रमाण मोजतो. दुसरा आढावा एकाच गटातील माणसांचे महासाथीआधीचे आणि नंतरचे प्रश्नावलीतील गुण शेजारी शेजारी ठेवतो आणि सरासरी किती सरकली ते पाहतो. नैराश्यासाठी सर्रास वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७, आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले की पुढील तपासणी करावी असा संकेत. तीन गुणांवरून चारवर गेलेला माणूस आणि नऊवरून दहावर गेलेला माणूस सरासरीत सारखीच भर घालतात. रेषेच्या हिशेबात मात्र पहिला कुठेच दिसत नाही आणि दुसऱ्याची गणना नव्या रुग्णांत होते.

आता थोडे गणित. समजा, लोकसंख्येतील त्रासाचे वाटप घंटेच्या आकाराच्या वक्रासारखे आहे आणि १० टक्के लोक रेषेपलीकडे आहेत. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या आढाव्यात नैराश्याच्या लक्षणांतील सरासरी वाढ ०.१२ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप) एवढी भरली, म्हणजे खरोखरच किरकोळ. संपूर्ण वक्र तेवढाच सरकवून पाहा: रेषेपलीकडचे लोक १० टक्क्यांवरून १२.३ टक्क्यांवर जातात, आणि ही वाढ मूळ संख्येच्या २३ टक्के आहे. सुरुवातीचे प्रमाण ४ टक्के धरले तर वाढ २८ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. 'सरासरी जेमतेम हलली' आणि 'रुग्ण चतुर्थांशाने वाढले' ही दोन्ही वाक्ये अशा रीतीने एकाच वेळी खरी असू शकतात. याला मी पुरावा म्हणणार नाही. प्रत्यक्षातील गुणांचे वाटप एवढे सुबक नसते, आणि चिंतेच्या बाबतीत आढाव्याला सरासरीतही ठळक बदल आढळलेला नसल्यामुळे तेथे हा हिशेब लागू पडत नाही.

तेथे फरक कोठून आला असावा, हे पाहण्यासाठी दोन्ही अभ्यासांचा कच्चा माल पाहावा लागतो. 'लॅन्सेट'चे आकडे २०४ देशांसाठी व प्रदेशांसाठी दिलेले आहेत, परंतु निकषांत बसणारी पाहणी अवघ्या ४८ स्रोतांतून मिळाली होती. जेथे पाहणी नव्हती तेथील अंदाज, लोकांची हालचाल किती घटली आणि संसर्गाचा दर किती होता, या दोन गोष्टींवरून बांधलेला आहे. पद्धत वावगी नाही, पण जगाच्या मोठ्या भागाबद्दलचे ते अनुमान आहे, मोजणी नव्हे, हे टिपणात यायला हवे. दुसऱ्या आढाव्याची मर्यादा वेगळी आहे. त्यातील बहुतेक अभ्यास श्रीमंत आणि उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आहेत, आणि त्यांपैकी अनेक देशांत काम बंद असतानाही पगाराचा काही भाग सरकारी मदतीतून मिळत होता. जेथे काम थांबताच मिळकतही थांबली, तेथील माणूस या सरासरीत फारसा नाही.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचे एकमत आहे, आणि माझ्या मते टिपणाचा कणा तोच असावा: स्त्रियांवर परिणाम अधिक झाला. मुलांच्या शाळा बंद, घरातील आजाऱ्याची शुश्रूषा, बाहेरचे काम सुटले किंवा तेच घरात शिरले, आणि काही घरांत मारहाण करणारा माणूस दिवसभर समोर. घरगुती हिंसेच्या या वाढीला संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने 'सावलीतील महासाथ' म्हटले होते. 'लॅन्सेट'च्या अभ्यासात तरुण प्रौढांवरील परिणामही वृद्धांवरील परिणामापेक्षा जास्त आढळला. विषाणूचा जिवाला धोका नेमका याच्या उलट क्रमाने होता, हे विसरू नये.

जाता जाता एक विनंती. एप्रिल-मे २०२०मध्ये समाजमाध्यमांवर दुवे फिरवून केलेल्या पाहण्यांचा अक्षरशः पूर आला होता आणि 'निम्मे लोक चिंताग्रस्त' अशा मथळ्यांना त्यांनीच खाद्य पुरवले. ज्याला त्रास होतो तोच असा दुवा उघडून उत्तरे देण्याची शक्यता अधिक, शिवाय महासाथीपूर्वीची मोजणी हाताशी नाही. त्यांतील एकही आकडा टिपणात घेऊ नये, असे मला वाटते.

उत्तर २ : पाणवठा

'परिणाम कधी सर्वाधिक होता' या प्रश्नापुरते लिहितो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात इंग्लंडमधील ३६ हजारांहून अधिक प्रौढांना दर आठवड्याला प्रश्न विचारले. चिंता आणि नैराश्य या दोहोंचे गुण टाळेबंदीच्या अगदी आरंभी सर्वांत जास्त होते, आणि ते सर्वांत वेगाने उतरले ते दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, म्हणजे निर्बंध कडक असतानाच. निर्बंध सैल होऊ लागल्यावर उतार मंदावला. माणसाला बंद दारापेक्षा पुढे काय वाढून ठेवले आहे हे न कळणे अधिक जड जाते, असा मी याचा अर्थ लावतो. तो सर्वांना पटेल असे नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये, म्हणजे महासाथ जाहीर होण्यापूर्वीच, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गटाने विलगीकरणावरील जुन्या २४ शोधनिबंधांचा आढावा घेतला होता. विलगीकरणाचा लांबलेला काळ, संसर्गाची भीती, कंटाळा, अपुरा शिधा, अपुरी माहिती, आर्थिक नुकसान आणि लोकांच्या नजरा ही त्रासाची कारणे त्यात नोंदवलेली आहेत. यांपैकी निदान माहितीची उणीव तरी कोणत्याही शासनाला भरून काढता येण्याजोगी होती.

सरासरी उतरली तरी सारे सारखे सावरले असे नाही. त्याच पाहणीत कमी उत्पन्नाचे, एकटे राहणारे, आणि ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता असे लोक आरंभीच अधिक त्रासात होते. वीस आठवड्यांनंतर हे अंतर कमी झाले, पण मिटले नाही. आधीपासून आजार असलेल्यांची कोंडी दुहेरी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये १३० देशांची पाहणी केली तेव्हा त्यांपैकी ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या अत्यावश्यक सेवा कोठे ना कोठे विस्कळीत झालेल्या किंवा बंद पडलेल्या आढळल्या. गरज वाढत असताना दवाखान्याचे दारच बंद. दूरध्वनीवरील आणि दृक्‌श्राव्य समुपदेशनाने काही पोकळी भरली खरी, परंतु ज्याला घरात मोकळेपणी बोलायला एक कोपराही नाही त्याला त्याचा उपयोग बेताचाच.

आत्महत्यांविषयी २०२०च्या आरंभी जी भाकिते झाली ती, निदान पहिल्या काही महिन्यांपुरती, खोटी ठरली. उच्च आणि उच्च-मध्यम उत्पन्नाच्या २१ देशांतील आकडे एकत्र पाहिले असता एप्रिल ते जुलै २०२० या काळात वाढ दिसली नाही. काही ठिकाणी घटच होती. पण येथेच थांबू नये. जपानमध्ये फेब्रुवारी ते जून २०२०मध्ये आत्महत्यांचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले आणि जुलै ते ऑक्टोबरमध्ये १६ टक्क्यांनी वाढले. त्या दुसऱ्या टप्प्यात स्त्रियांमधील वाढ ३७ टक्के होती. पहिल्या धक्क्यात समाज एकवटतो, मदत वाहू लागते, सर्वांचे संकट एकच असते. पुढे इतर सावरतात आणि ज्यांचे काम गेले ते मागे राहतात. आकडे उशिरा वाढण्याचे हे एक संभाव्य कारण आहे, एकमेव नव्हे.

उत्तर ३ : समिधा

मी शोकाकुल कुटुंबांसोबत समुपदेशनाचे काम करते, म्हणून वरील दोन्ही उत्तरांत जे आलेले नाही त्याविषयी लिहिते. चिंता आणि नैराश्य यांच्या प्रश्नावल्यांत 'तुमचे कोणी गेले का, आणि कसे गेले' हा प्रश्नच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात अपेक्षेपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाले. अमेरिकेपुरत्या एका अभ्यासात असे दिसले की कोविडच्या प्रत्येक मृत्यूमागे सुमारे नऊ जवळचे नातलग शोकात पडतात. कुटुंबरचना देशोदेशी वेगळी असल्याने हा नऊचा आकडा साऱ्या जगाला लावता येणार नाही, तरी शोकाचा पसारा केवढा असेल याची कल्पना त्यावरून येते.

हा शोक नेहमीसारखा नव्हता. रुग्णवाहिकेत बसलेला माणूस परत दिसलाच नाही. दाराबाहेर उभे राहून निरोप. अंत्यविधीला मोजकी माणसे किंवा कोणीच नाही. कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना 'संदिग्ध वियोग' ही कल्पना मांडली. माणूस गेला हे बुद्धीला कळते, पण डोळ्यांनी काहीच न पाहिल्यामुळे मन ते धरून ठेवत नाही. महासाथीतील कित्येक कुटुंबांच्या बाबतीत मला हीच अवस्था दिसते.

याहून अवघड एक गोष्ट आहे आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. 'आजार घरात मी आणला.' हे वाक्य माझ्याकडे येणारी माणसे कधी पहिल्याच भेटीत बोलतात, कधी बऱ्याच भेटींनंतर. कामावर गेलेला मुलगा, औषध आणायला गेलेली सून, भेटायला आलेली बहीण. ही अपराधी भावना चिवट असण्याचे कारण असे की ती खोटी ठरवता येत नाही. संसर्ग नेमका कोणाकडून आणि कोणत्या दिवशी झाला हे बहुतेक घरांत कधीच कळणार नाही. 'तुझा काही दोष नाही' असे नातेवाईक शंभरदा सांगतात आणि ते ऐकून समोरचा माणूस अधिकच गप्प होतो, कारण त्याला ते खरे वाटत नाही. आम्ही त्यापेक्षा त्या दिवसाकडे परत जातो: त्या दिवशी काय माहीत होते, बाहेर जाण्यावाचून दुसरा कोणता मार्ग होता, जे निधन पावले त्यांनी स्वतः काय सांगितले असते. आज हाती असलेले ज्ञान त्या दिवसाच्या निर्णयावर लादले जात आहे, हे माणसाला हळूहळू स्वतःलाच दिसू लागते. सर्वांना दिसते असे मी म्हणणार नाही.

टिपणासाठी उपयोगी पडेल असा एक तपशील. दीर्घ शोकविकार हे निदान आता आजारांच्या दोन्ही प्रमुख वर्गीकरणांत आहे. जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारसूचीत, त्यासाठी मृत्यूनंतर किमान सहा महिने उलटलेले असावे लागतात, तर मार्च २०२२मध्ये आलेल्या डीएसएमच्या, म्हणजे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या, सुधारित आवृत्तीत प्रौढांसाठी हीच मर्यादा बारा महिने आहे. दोन्ही तारखा महासाथीच्या काळातील असल्या, तरी त्यांमागचे काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते.

उत्तर ४ : तटस्थ

समिधा यांच्या अनुभवाचा आदर राखूनही एक आक्षेप नोंदवतो. आप्त गेल्यावर वर्षभर दुःखात असणे हा आजार कसा? दोन वर्गीकरणांना मुदतीवरच एकमत करता येत नाही, एकासाठी सहा महिने, दुसऱ्यासाठी बारा, यावरूनच ही रेषा किती मानवनिर्मित आहे ते कळावे. नोकरी गेली म्हणून झोप उडालेल्या माणसाला नोकरी हवी असते. त्याच्या हाती प्रश्नावली देऊन त्याला रुग्ण ठरवले की ज्यांनी नोकरीची सोय करायची ते सुटतात. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांच्या संशोधनातून वारंवार पुढे आले आहे की वियोगानंतर आणि आपत्तीनंतरही बहुसंख्य माणसे कोणत्याही उपचाराविना आपले रोजचे व्यवहार सांभाळून राहतात. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या आढाव्याचा साधा अर्थ मला हाच दिसतो.

समिधा : आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे आणि नोकरीचे उदाहरण तर पूर्णच. परंतु हे निदान दुःखाच्या लांबीवर ठरत नाही. आठवण रोज येणे हा आजार नव्हे. तीव्र ओढ किंवा वेदना जवळजवळ प्रत्येक दिवस व्यापून राहते, त्या समाजात स्वाभाविक मानल्या जाणाऱ्या काळाच्याही पलीकडे टिकते, आणि त्या पायी काम, घर, माणसे सारे सुटत जाते, अशा थोड्या लोकांसाठी ते आहे. बहुसंख्य सावरतात म्हणून उरलेल्यांना नाव देऊ नये, हे मला पटत नाही. नाव नसेल तर ज्या देशांत उपचारांचा खर्च विमा किंवा शासन उचलते तेथेही त्यांना काही मिळत नाही.

शोधक : सर्वांचे मनःपूर्वक आभार. वक्र सरकवण्याच्या गणितामुळे माझा मूळ प्रश्न बराचसा सुटला. एक राहिले. वरील चर्चा बहुतांशी परिस्थितीच्या परिणामांची आहे; ज्यांना प्रत्यक्ष संसर्ग झाला, त्यांच्या मेंदूवर आणि मनावर विषाणूचाच काही परिणाम होतो का? आमच्या गटात एक सदस्य आहेत, त्यांचा थकवा आणि विसराळूपणा अजून गेलेला नाही. त्यांना ठिकठिकाणी 'हे नैराश्य आहे' असे सांगण्यात आले आणि त्यांना ते मान्य नाही.

आकडेमोड : याविषयी ऑक्सफर्डच्या गटाचे दोन अभ्यास पाहावेत, दोन्ही 'लॅन्सेट सायकियाट्री'मधील आहेत. पहिला एप्रिल २०२१चा. मुख्यतः अमेरिकेतील वैद्यकीय नोंदींवरून कोविड झालेल्या २ लाख ३६ हजार रुग्णांचा त्यात माग घेतला आहे, आणि सहा महिन्यांत सुमारे ३४ टक्क्यांना मज्जासंस्थेचे किंवा मनाचे काही ना काही निदान झाल्याचे त्यात आढळले. हा आकडा वर्तमानपत्रांतून फार गाजला. मात्र त्यात जुन्या आजाराच्या पुन्हा झालेल्या नोंदीही आहेत. आयुष्यात प्रथमच असे निदान झालेले सुमारे १३ टक्के होते. दुसरा अभ्यास ऑगस्ट २०२२चा, साडेबारा लाखांहून अधिक रुग्णांचा आणि दोन वर्षांच्या काळाचा आहे. श्वसनमार्गाचे इतर संसर्ग झालेल्यांशी तुलना करता नैराश्यासारखे मनोदशेचे विकार आणि चिंताविकार यांचा वाढीव धोका एक-दोन महिन्यांतच मूळ पातळीवर आला. स्मरण, एकाग्रता आणि विचारशक्ती यांच्या तक्रारींचा धोका मात्र दोन वर्षांनीही वाढलेलाच होता. दोन वेगळ्या वाटा दिसतात, आणि आपल्या सदस्यांचे म्हणणे दुसरीशी जुळणारे आहे. एका व्यक्तीविषयी यावरून निदान करता येत नाही, हे अर्थातच.

त्यांच्या बाबतीत प्रश्नावली कशी फसवू शकते, तेही सांगतो. पीएचक्यू-९मधील नऊ प्रश्नांपैकी चार प्रश्न झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता यांविषयीचे आहेत, आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन गुण असतात. कोविडनंतर रेंगाळणाऱ्या आजाराचा रुग्ण मनाने अगदी प्रसन्न असला तरी केवळ या चार प्रश्नांवर बारा गुणांपर्यंत पोहोचू शकतो, म्हणजे दहाच्या रेषेपलीकडे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१मध्ये या आजाराची जी व्याख्या केली तिच्यात थकवा, धाप आणि बौद्धिक कार्यातील अडचण हीच प्रमुख लक्षणे आहेत. त्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एकूण गुणांऐवजी उत्तरपत्रिकाच सोबत न्यावी आणि पहिल्या दोन प्रश्नांची, म्हणजे कशातच रस न वाटणे आणि उदास वाटणे यांची उत्तरे वेगळी दाखवावीत. तेथे शून्य असेल तर थकव्याची तपासणी स्वतंत्रपणे करावी असा आग्रह त्यांनी धरणे योग्य होईल. तेथेही गुण जास्त असतील तर दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात, आणि मग एकाचे उपचार सुरू झाले म्हणून दुसऱ्याची तपासणी थांबवण्याचे कारण नाही.